हॉब्स स्ट्रीटकडे पाठ

मी हॉब्स प्लाझा बोलतोय. पोर्ट ब्रॅननच्या भर पेठेतला, तपकिरी विटांचा मॉल, ज्याच्या कार पार्कमध्ये तुमची गाडी कधी ना कधी हरवलेली आहे, तोच. या, आत या. बाहेर वारा फार आहे. चाळीस वर्षं दुकानदारांच्या संगतीत काढली, त्यामुळे आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायची मला सवय नाही.

दुकानदारी मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. पायांकडे बघून शिकलो. दारातून आत आलेलं माणूस आधी डावीकडे वळतं. घाईत असलेलं पाऊल काही विकत घेत नाही, रेंगाळणारं पाऊल घेतं. नवरा बाकावर बसला की बायको निवांत खरेदी करते, म्हणून बाक काढणारा मॅनेजर मूर्ख. हे सगळं मला कळत होतं. फक्त ज्या रस्त्यासाठी मला बांधलं, तो रस्ता कसा दिसतो, हे मला तेवीस वर्षं कळलं नाही.

त्याचं असं झालं. गावातली लोकरीची गिरणी बंद पडली आणि हॉब्स स्ट्रीट ओस पडायला लागला. स्टेशनापासून बंदरापर्यंत जाणारा हा गावाचा मुख्य रस्ता. एकेकाळी शुक्रवारी संध्याकाळी तिथं चालायला जागा नसायची म्हणे. मग लोक मोटारीत बसून शहराकडे खरेदीला जाऊ लागले आणि दुकानांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. तेव्हा व्हर्न टॅपस्कॉट हे नगराध्यक्ष होते. फर्निचरचे व्यापारी, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. सभेत ते म्हणाले, "पेठ वाचवायची तर एकच उपाय. एवढं मोठं छप्पर घाला, की वारा बाहेर हात चोळत बसेल!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

या गावात वाऱ्याला शिव्या घातल्या की टाळ्या मिळतातच. दक्षिणेकडून थेट समुद्रावरून येतो तो. एकदा नवरीच्या डोक्यावरची जाळी उडून दारूच्या गुत्त्याच्या धुरांड्यात अडकली आणि लग्न उरकल्यावर सगळं वऱ्हाड ती काढायला छपरावर चढलं, अशी गोष्ट सांगतात. माझे नकाशे काढणारा साहेब जुलै महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, जागा बघायला आला. त्यानं हॉब्स स्ट्रीटवर उभं राहून कागद उलगडला, आणि कागद गेला बंदरात. साहेब गेले हॉटेलात. उरलेले तीन दिवस त्यांनी शेकोटीजवळ बसून मला काढलं.

म्हणून मी असा आहे. माझी सगळी दुकानं आत बघतात, एका लांब दालनाकडे. एकच मोठं दार, तेही मागं कार पार्ककडे. आणि हॉब्स स्ट्रीटच्या बाजूला एकशे ऐंशी पावलं लांब, सरळसोट विटांची भिंत. तिला ना दार, ना खिडकी. रस्त्यावरच्या दुकानदारांनी नकाशा पाहिला आणि आनंदानं सह्या केल्या. चूक कुणा एकाची नव्हती. वाऱ्याला कंटाळलेल्या अख्ख्या गावाची होती.

नोव्हेंबरमध्ये माझं उद्घाटन झालं. बँड वाजला, कार पार्कात सॉसेज भाजले. टॅपस्कॉटसाहेब फीत कापून म्हणाले, "आजपासून हॉब्स स्ट्रीटला कर्ता मुलगा मिळाला!"

मी तेव्हा जेमतेम तीन तासांचा होतो. मी ते मनावर घेतलं. ज्याला आपण सांभाळायचं, त्याच्याकडे आपली पाठ आहे, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पहिली काही वर्षं मजेत गेली, खोटं कशाला बोलू. डिसेंबरच्या उकाड्यात लोक नुसते गारव्याला येऊन बसायचे आणि जाताना काहीतरी घेऊन जायचे. डेस गिलम नावाचा खाटीक रस्त्यावरचं दुकान बंद करून माझ्यात आला. त्याला ओरडून विकायची सवय. "बाई, ही चॉप बघा, हिच्यापेक्षा कोवळी चीज फक्त माझी बायको, आणि ती विकायला नाही!" मॅनेजरनं त्याला सांगितलं, आत आवाज घुमतो, ओरडू नका. डेस गप्प झाला आणि त्याचं दुकानही गप्प झालं. तीन वर्षांत गेला तो. खाटकाला गप्प करून मटण खपत नाही, एवढं साधं गणित कुणाला सुचलं नाही.

रस्ता मी कानांनी ओळखायचो. माझे डोळे आत आणि वर. वर काचेतून फक्त आभाळ आणि समुद्रपक्ष्यांची पोटं दिसत. पण भिंतीतून आवाज यायचे. गुत्त्यासमोर पिंपं गडगडायची. चांभाराची हातोडी टकटकायची. भाजीवाला चिनी म्हातारा सकाळी पाणी मारायचा, त्याचा सपकारा. सिनेमा सुटला की पावलांची गर्दी. मग एकेक आवाज बंद होत गेला. आधी सिनेमा, मग भाजीवाला, मग हातोडी. ती सगळी माणसं माझ्यामुळे वाचायची होती, आणि त्यांची गिऱ्हाइकं मागच्या दारानं माझ्यात येऊन मागच्या दारानं घरी जात होती. शेवटी एकच आवाज उरला. एक्केचाळीस नंबरच्या मिल्क बारचं जाळीचं दार. त्याची स्प्रिंग कुरकुरायची आणि दार फट्‌दिशी आपटायचं. दिवसातून शंभर वेळा, मग पन्नास, मग दहा-बारा.

तो मिल्क बार अँथूलाबाईंचा. दूध, पाव, वर्तमानपत्र, बरणीतल्या गोळ्या, आणि कढईत तळलेल्या बटाट्याच्या चकत्या. नवऱ्याबरोबर ग्रीसमधल्या एका बेटावरून आल्या, नवरा गेला, दुकान राहिलं. त्यांची मुलगी फ्रोसो मावरोस. मी उघडलो तेव्हा आईनंच तिला ढकललं, "पोरी, तिकडे जा. गिऱ्हाईक तिकडे आहे." फ्रोसोनं माझ्यातलं चौदा नंबरचं दुकान घेतलं. बटणं, चेन, लोकर, दोरे आणि कपडे आखूड-ढिले करून देणं.

चौदा नंबरची मागची भिंत म्हणजे माझी ती आंधळी भिंत. आणि तिच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, आईचा मिल्क बार. सरळ गेलं तर बावीस पावलं. पण सरळ जाता येत नव्हतं. दालनातून कार पार्क, कार पार्कातून कोपरा, कोपऱ्यावरून भिंतीच्या कडेकडेनं, अशी चारशे दहा पावलं, आणि सगळी वाऱ्यात.

रोज साडेबाराला अँथूलाबाई शेंगांच्या सूपचा डबा घेऊन एवढं फिरून यायच्या. दुकानावर तेवढ्यापुरती पाटी, 'आत्ता येते'.

"आई, किती वेळा सांगू, एवढ्या वाऱ्यात येऊ नकोस."

"मग तू ये."

"मी आले तर दुकान कोण बघणार?"

"आणि माझं कोण बघतं? मांजर?"

"सूप गार झालंय."

"चारशे पावलं चालून आलंय ते. तू चालून बघ, तूही गार होशील."

वीस वर्षं हे भांडण मी रोज ऐकलं. एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर मला चैन पडायचं नाही.

मग हमरस्त्याजवळ नवा मॉल झाला, माझ्या तिप्पट मोठा. माझ्यातलं मोठं कापडाचं भांडार तिकडे गेलं, मागोमाग चपलावाले, घड्याळवाले गेले. माझ्या कारंज्याचं पाणी बंद झालं. नवीन मॅनेजर आले ते कॉलिन ब्रेथवेट. स्वभावानं वाईट नाही, पण नियमाला फार जपणारा माणूस. पेन्सिल वापरून झाली की तिला टोक काढून ठेवणारा.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये अँथूलाबाई कार पार्कच्या कोपऱ्यावर वाऱ्यानं पडल्या. गुडघा सुजला. पंच्याहत्तरीची बाई. चौथ्या दिवशी काठी टेकत आल्या आणि डबा ठेवून म्हणाल्या, "सप्टेंबरात दुकान बंद करते. तुझ्या भावाकडे मेलबर्नला जाते."

फ्रोसो शिवणयंत्रावर होती. तिचा पाय थांबला. "तुला मेलबर्न आवडत नाही."

"नाहीच आवडत. तिथं कुणी भांडायला नाही."

"मग?"

"मग काय? तिथं निदान तुझा भाऊ वरच राहतो, भेटायला नुसता जिना उतरतो. इथं बावीस पावलांवर मुलगी, आणि तिचं तोंड बघायला मला गावाला वळसा घालावा लागतो." त्यांनी काठीनं माझ्या भिंतीवर टक्‌टक् केलं. "इथं एक दार असतं तर मरेपर्यंत हलले नसते."

काठी टेकली भिंतीवर, पण मला ती आत खोल लागली. मला कळत होतं, हा मिल्क बार गेला की हॉब्स स्ट्रीटवर संध्याकाळी पेटणारा शेवटचा दिवा गेला. मग मी कुणाचा कर्ता मुलगा?

दुसऱ्याच दिवशी फ्रोसो ब्रेथवेटच्या ऑफिसात गेली.

"अहो मिसेस मावरोस, सगळी दुकानं आत बघतात. तसा नियम आहे."

"कुणी केला?"

"मालकांनी."

"मालकांनी कधी कार पार्कच्या कोपऱ्यावरचा वारा खाल्लाय?"

"मालक म्हणजे एक पेन्शन फंड आहे. तो काहीच खात नाही."

"एक दार, कॉलिन. एकच."

"गिऱ्हाईक एकदा रस्त्यावर गेलं की परत येत नाही. हे धंद्याचं तत्त्व आहे."

"गिऱ्हाईक आत्ता तरी कुठं येतंय? बाहेर जायला आधी आत असावं लागतं."

ब्रेथवेटनी पेन्सिलला टोक काढायला घेतलं. म्हणजे विषय संपला.

पण फ्रोसो व्यापाऱ्याची मुलगी. सरळ दार मिळत नसेल तर ते मागायचा दुसरा रस्ता शोधणारी. मे महिन्यात ट्रेव्हर लुकी तिच्याकडे आला. धंद्यानं नळवाला, पण गावाच्या हौशी अग्निशमन दलाचा कॅप्टन. दरवर्षी दलाच्या जेवणाआधी तो गणवेशाची पँट ढिली करून घेई.

"यंदा किती?" फ्रोसोनं विचारलं.

"दोन बोटं."

"गेल्या वर्षीही दोनच म्हणालास. तुझ्या दोन-दोन बोटांचा आता पंजा झालाय."

"मिसेसला सांग, मला नको. ती ॲपल-पाय करते ना, सफरचंद भरून."

फ्रोसो तोंडात टाचण्या धरून खाली बसली आणि सहज बोलल्यासारखी बोलली, "ट्रेव्हर, समज, त्या टोकाच्या केकच्या दुकानात भडका उडाला. मी पळू कुठं?"

"मोठ्या दारानं."

"मोठं दार केकच्या दुकानापलीकडे आहे."

ट्रेव्हरनं मान वर केली. दालनाकडे पाहिलं. मग तसाच, टाचण्या लावलेल्या पँटीत, एक पाय आखूड एक लांब, मोठ्यानं पावलं मोजत चालत सुटला. गिऱ्हाइकं बाजूला झाली. "बासष्ट!" तो तिकडून ओरडला. "नव्या नियमात चाळीसच्या वर चालत नाही! कुणी पास केली ही इमारत?"

"गावानं," फ्रोसो म्हणाली. "हलू नकोस, टाचणी टोचेल."

नियमाला जपणाऱ्या माणसाला नियमानंच गाठावं लागतं. ट्रेव्हरचा कागद आला तेव्हा ब्रेथवेटनी तो दोनदा वाचला आणि निमूट सही केली. चौदा नंबरच्या मागच्या भिंतीत, संकटकाळी बाहेर पडायला, एक दार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गवंडी आले. करवत चालली, धूळ उडाली, विटांचा एक चौकोन बाहेर पडला, आणि मला हॉब्स स्ट्रीट दिसला.

काय सांगू तुम्हाला! तेवीस वर्षं मी त्याला मनात रुंद रुंद करत गेलो होतो. तो अगदी बोळाएवढा होता. समोर ओळीनं बंद दुकानं, चांभाराच्या पाटीवरचा बूट अजून लटकत होता. सिनेमाच्या पायऱ्यांवर गवत. मधोमध निळा रंग उडालेलं एक दार, जाळीचं. तेच ते, फट्‌दिशी आपटणारं. आणि त्याच्या आत, काचेपाशी, एक ठेंगणी म्हातारी दोन्ही हात कपाळाशी धरून माझ्याकडे बघत होती. माझ्यात रोज भांडायला येणाऱ्या अँथूलाबाई त्या ओस रस्त्यावर एवढ्याशा दिसतील, असं मला वाटलं नव्हतं.

दोन दिवस ते भोक उघडं होतं. मी दोन दिवस दुसरं काही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलादी दार बसलं. आतून दांडा ढकलला की उघडणारं, उघडलं की घंटा वाजणारं. बाहेरून त्याला मूठच नाही. आतल्या बाजूला लाल अक्षरांत, 'फक्त संकटकाळी'. माझा डोळा उघडून कुणीतरी परत मिटला.

"आता दार आहे. वापरू?" फ्रोसोनं विचारलं.

"आग लागली तर जरूर," ब्रेथवेट म्हणाले.

त्याच दुपारी बाहेरून काठीचे ठोके. "फ्रोसो! उघड!"

"आई, उघडलं तर घंटा वाजते!"

"वाजू दे! चर्चमध्येपण वाजते!"

"कॉलिन मला बाहेर काढेल!"

"बाहेरच तर ये म्हणतेय मी!"

पण फ्रोसोनं दांडा ढकलला नाही. दुकानाचा करार संपत आला होता. नियम मोडला तर तिलाही जावं लागलं असतं. बाहेर काठीचा आवाज लांब लांब गेला. त्या दिवशी डबा आला नाही. फ्रोसो त्या दाराला पाठ लावून खाली बसली, आणि गिऱ्हाईक आलं तेव्हा बटण शोधत होते म्हणाली.

आता गंमत ऐका. नवं दार झालं की नवा सराव घ्यावा लागतो. घंटा वाजवायची, सगळ्यांना बाहेर काढायचं, ठरलेल्या जागी उभं करून डोकी मोजायची. त्या दारातून बाहेर पडणाऱ्यांनी जमायची जागा ट्रेव्हरच्या कागदावर लिहिलेली होती, 'हॉब्स स्ट्रीट, क्रमांक ४१ समोर'. ट्रेव्हर म्हणतो, नियमानं तीच जागा निघाली. फ्रोसो म्हणते, देवाची कृपा. त्या वर्षी त्याची पँट फुकट ढिली झाली, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

जूनअखेरच्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता घंटा झाली. बाहेर वारा, आडवा पाऊस, मध्येच गारा. या गावचे लोक मोठे शिस्तीचे. कुरकुरतील, पण रांग सोडणार नाहीत. कॉफीचे पेले तसेच टाकून, एकशे सदतीस माणसं त्या नव्या दारातून हॉब्स स्ट्रीटवर जाऊन उभी राहिली. सगळ्यात शेवटी ब्रेथवेट, डोक्यावर पांढरं शिरस्त्राण, हातात यादी. दार मात्र तेवढा वेळ उघडंच अडकवून ठेवायचं होतं. मला सगळं दिसत होतं.

मोजणी झाली. एक माणूस कमी.

परत मोजलं. एक कमीच. किल्ल्या करून देणारी ब्रॉनी सापडत नव्हती. ती सवयीनं मागच्या दारानं कार पार्कात गेली होती आणि आपल्या गाडीत हीटर लावून रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा ऐकत बसली होती. हे कळायला चाळीस मिनिटं लागली. तोवर नियम असा की कुणी आत जायचं नाही.

पाच मिनिटं लोक भिजत उभे राहिले. सहाव्या मिनिटाला कुणीतरी ते जाळीचं दार ढकललं.

"अरेच्चा! हे दुकान चालू आहे?"

"तेवीस वर्षं चालूच आहे," अँथूलाबाई आतून म्हणाल्या. "तुम्हीच बंद होतात. दार लाव, वारा येतोय."

मग काय! माणसं आत घुसली. काउंटरपाशी, खिडकीपाशी, फ्रीजला टेकून. उरलेली पुढच्या छपराखाली. "मला एक चहा." "मला चकत्या, सहा." "ओ मावशी, ती लाल गोळ्यांची बरणी अजून आहे!" अँथूलाबाई एकट्या, कढई एकच. फ्रोसो काउंटरखालून आत शिरली, कुणाला न विचारता आईचा जुना ॲप्रन बांधून चकत्या सोडायला लागली.

"तेल तापलं नाहीये अजून!" आई ओरडली.

"तापलंय!"

"तू शिवणारी, तुला काय कळतं?"

"तुझ्याकडेच शिकले!"

"मग नीट कुठं शिकलीस?"

लोक हसत होते. एक म्हातारा आपल्या बायकोला त्या बंद सिनेमाच्या पायऱ्या दाखवत होता. ती म्हणत होती, "गप्प बस, लोक ऐकतायत." पण तीही बघत होती.

ब्रेथवेट बाहेर पावसात यादी धरून उभे होते. अँथूलाबाईंनी काच ठोकली. "ए कॉलिन! आत ये. तुला काय रस्त्यावर पुतळा करून ठेवलाय?" ते आत आले. पांढऱ्या शिरस्त्राणातून पाणी गळत होतं. गोळ्यांच्या बरण्यांकडे बघत म्हणाले, "मी शाळेतून येताना यायचो. तुम्ही मला नेहमी एक गोळी जास्त द्यायचात."

"जास्त बिस्त नाही. तुला मोजता यायचं नाही," अँथूलाबाई म्हणाल्या. "आजही एक चुकतेच आहे."

दुकानात हशा पिकला. ब्रेथवेटही हसले, पहिल्यांदाच मी त्यांना दात दाखवताना पाहिलं. तेवढ्यात ब्रॉनी सापडल्याची बातमी आली. मोजणी जुळली. ट्रेव्हरनं दार ओढून घेतलं, सराव संपला की बंद करायचं म्हणून. खट्. मला दिसायचं थांबलं. पुढचं मी भिंतीतून ऐकलं.

"चला, आत जाऊ," कुणीतरी म्हणालं.

"कसे जाणार? बाहेरून मूठच नाही."

"नियमाप्रमाणे," ब्रेथवेट म्हणाले, "सराव संपल्यावर मोठ्या दारानं आत यायचं."

गारा पत्र्यावर ताडताड वाजत होत्या. हातात गरम पुड्या धरलेली एकशे सदतीस माणसं त्यांच्याकडे बघत असणार, आणि काठी टेकलेली एक म्हातारीसुद्धा.

"मी त्या कोपऱ्यावरच पडले, कॉलिन," अँथूलाबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही.

मग पावलं ऐकू आली. एकाच माणसाची. भिंतीच्या कडेकडेनं, कोपऱ्याकडे, वाऱ्याशी झोंबत. मी मोजत होतो. मला वाटलं, ऑफिसात गेले. पण ती पावलं कार पार्कातून दालनात आली, रिकाम्या दालनातून सरळ चौदा नंबरात आली. ब्रेथवेट चिंब भिजलेले, शिरस्त्राण वाऱ्यानं नेलेलं. त्यांनी लाल अक्षरांकडे पाहिलं, थोडं थांबले, आणि दोन्ही हातांनी दांडा ढकलला. घंटा बोंबलायला लागली. कुणाला तिची फिकीर नव्हती.

"या," ते म्हणाले. "सांभाळून. उंबऱ्याला पाणी आहे."

सगळ्यात पुढं अँथूलाबाई होत्या. बावीस पावलं त्यांनी काठी न टेकता टाकली.

दुसऱ्या दिवशी ब्रेथवेटनी मालकांना पत्र लिहिलं. मी ते टाईप होताना वाचलं आहे. 'सुरक्षेच्या दृष्टीनं नवीन दाराची रोज चाचणी घेणं आवश्यक वाटतं. चाचणीची वेळ : सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच.' घंटा काढली, बाहेरून मूठ बसवली. पेन्शन फंडानं हरकत घेतली नाही. नियमात बसत होतं सगळं.

सप्टेंबर आला आणि गेला. अँथूलाबाई कुठंही गेल्या नाहीत. पुढं नऊ वर्षं रोज साडेबाराला त्या रस्ता ओलांडून आल्या, मोटारीकडे न बघता. मोटारींनीच त्यांच्याकडे बघायचं, असा त्यांचा नियम.

एक दार पाहून केकवाल्यानं मागितलं. मग पुस्तकवाल्यानं. आज माझ्या भिंतीत सात दारं आहेत. चांभाराच्या जागेत सायकली दुरुस्त होतात, सिनेमाच्या पायऱ्यांवर शनिवारी भाजी लागते. अँथूलाबाई एका मार्चमध्ये झोपेतच गेल्या. फ्रोसोनं चौदा नंबर एका तरुण शिंपिणीला दिलं आणि स्वतः आईच्या काउंटरमागं जाऊन उभी राहिली. ती आता समोरून माझ्याकडे बघते. तिचेही केस पांढरे झाले.

आता माझं बघा. सगळी दुकानं रस्त्याकडे तोंड करून बसली, तसं माझं दालन ओस पडलं. छप्पर गळतं. कार पार्कात गाड्यांपेक्षा समुद्रपक्षी जास्त. नगरपालिकेनं ठरवलं, प्लाझा पाडायचा, राहती घरं बांधायची, दालनाच्या जागी बोळ मोकळा करायचा. योग्यच आहे. पेठ जगवायला मला आणलं होतं. ती उलगडून बाहेर आली, तर मला गुंडाळायला हवं.

पण त्यांच्या पहिल्या नकाशात ती भिंतही पाडायची होती. सभेत फ्रोसो उठली. अडुसष्ट वर्षांची, हाताला तेलाचा वास. म्हणाली, "ही भिंत कुरूप आहे, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तिच्याशी जन्मभर भांडले. पण तुम्ही नवं बांधाल तेव्हा पाच वर्षं रस्त्याची एक बाजू उघडी पडेल, आणि या वाऱ्यात उघड्या बाजूला कुणी फिरकत नाही. ती सात दुकानं राहू द्या. मागचं सगळं न्या."

मतं मोजली. सहा विरुद्ध तीन.

तेव्हा बाकी सगळा मी जाईन आणि ती भिंत तेवढी राहील, जिची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची. मी प्लाझा उरणार नाही. हॉब्स स्ट्रीटची एक बाजू होईन, पाठीवर वारा घेतलेली. चालेल मला. खरं सांगायचं तर, त्या दोन दिवसांपासून मी एवढंच मागत आलोय.

इंजिनियरसाहेब, तुम्ही सोमवारी मला पाडायला येणार म्हणे. सुरुवात कार पार्ककडून करा, म्हणजे शेवटपर्यंत मला रस्ता दिसेल. आणि जमलं तर सातही दारांपाशी एकेक बाक टाका, पाठ माझ्या भिंतीला, तोंड रस्त्याकडे. इथं माणसं बसतील. मी पाठीवर वारा अडवतो.